पपांची फायबरची गाडी

२ नोव्हें., रवि.
पपांच्या कबरीवर मेणबत्ती लावत होते. वाऱ्याने तीनदा विझली. चौथी काडी ओढते तोच जोसेफ बोलला. आमचा धाकटा भाऊ, घरात 'जो' म्हणतो त्याला, कबरस्तानात सुद्धा तोंड बंद राहील तर शपथ.
"बाय, ती गाडी आता भंगारात काढूया. नाताळला जेसन नवीन आणतोय. अंगणात लावायची कुठे?"
म्हटलं, तुझ्या पोराची गाडी तुझ्या डोक्यावर लाव.
आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपर्यंत, म्हणजे ३० तारखेपर्यंत, दुरुस्त करून घ्यायची मुदत दिलीय मला, नाहीतर भंगार. मुदत! माझ्याच बापाच्या गाडीला!!

५ नोव्हें., बुध.
वसई रोडचं गॅरेज. मेकॅनिक फोटो बघूनच हसला. "मॅडम, इसको तो बकरी खाती है." चाळीस वर्षांत तोच विनोद. नवीन तरी शोधा रे.
मान्य, दिसायला बेंगरूळ. दोन दारं, अंग पत्र्याचं नाही, फायबरचं, म्हणूनच तो बकरीचा विनोद. कंपनीही कधीच बंद पडली. तेव्हा लोक दुसऱ्या गाड्यांचं बुकिंग करून वर्षानुवर्षं थांबायचे. पपांना थांबणं माहीतच नव्हतं. ही लगेच मिळाली, घेतली. मागची सीट काढून केळी न् पालेभाजी भरायचे. आयुष्यभर चालवली.

११ नोव्हें., मंगळ.
आणखी दोन गॅरेज, दोन्हीकडे नकार. पत्रा असता तर ठोकला असता म्हणे, फायबरला हात लावणार नाही.
मासळी घेताना सहज गाऱ्हाणं सांगितलं, तर कोळीण म्हणाली, पाचूबंदरच्या पास्कूला विचार, बोटींना फायबर चढवतो तो. अगं बाई! गाडीवाल्यांच्या दारात नाक घासत होते आणि...
पास्कू संध्याकाळी आला. कलिंगड बघतात तसं सगळीकडे टकटक वाजवून पाहिलं.
"टीचरबाय, हिला काय झालंय? तडे भरू, दोन थर चढवू. बोटीला दर्याचं पानी सोसावं लागतं, हिला नुसता रस्ता."
जो खिडकीत उभा होता. मुद्दाम मोठ्याने विचारलं, "होईल ना, पास्कू?"
"होईल!"
रात्री दोन घास जास्तच जेवले.

१६ नोव्हें., रवि.
पास्कू आज गाडीखाली शिरला. बाहेर आला तो ओंजळभर गंज घेऊन.
"हिला कुठल्या पान्यानं धुता?"
विहिरीच्या.
पपा गेल्यापासून दर रविवारी, चर्चमधली मिस्सा झाली की धुते. खालूनसुद्धा, पाइप लावून. खाली चिखल राहता कामा नये, असं पपा सांगायचे. विहीर खारी झालीय हे मला माहीत नव्हतं? डाळ शिजत नाही म्हणून मीच नळाचं पाणी भरते. पण नळाचं पाणी गाडीवर कसं ओतायचं, जीव होत नाही. आमच्याकडे कोणाचाच होत नाही.
वरचं फायबर शाबूत. खालचा लोखंडी सांगाडा, चासी, संपली. बकऱ्या उगाच बदनाम. मीच खाल्ली.
न्हाणीघरात जाऊन रडले. चांगली भोकाड पसरून.

१९ नोव्हें., बुध.
जोला कळलं. "देवाचीच इच्छा असेल, बाय."
"देवाला मध्ये घेऊ नकोस. पाणी मी ओतलं."
"मग आता तरी सोड ना."
"चुकले मी, आणि भंगारात ती? हा कुठला न्याय?"
जोची बायको म्हणाली, आपण छान फोटो काढून ठेवू. फोटो! पपांचा आहे की भिंतीवर, त्याने काय भागतं?

२४ नोव्हें., सोम.
पास्कूचा वेल्डर नवी चासी बांधून देतो म्हणतो. पण पासिंगला आरटीओचा इन्स्पेक्टर मान्य करेल याची खात्री कोणीच देत नाही. पास्कू स्पष्ट बोलला, "गाडी उभी करून देईन. रस्त्यावर चालंल का, ते मला विचारू नका."
म्हणजे एवढं करून ती नुसती उभीच राहायची, असंही होईल.
कोणी विकत घेणार नाही, कोणी वाहवा करणार नाही. परवडतं का, शहाणपणाचं आहे का... नाही. कळतं मला. शाळेत भूगोल शिकवलाय, अक्कल गहाण नाही टाकली.

३० नोव्हें., रवि.
मुदतीचा दिवस. मिस्सेहून आले तर भंगारवाला फाटकात. मागोमाग पास्कूचा टेम्पो. चौघा कोळ्यांनी गाडी फळ्यांवरून ढकलत वर चढवली. भंगारवाल्याला चहा पाजून पाठवला. फाटकाचं दुसरं दार जोनेच उघडून धरलं.
मी टेम्पोत पुढे बसले. चासीचं काम उद्या सुरू. पुढचं पुढे.
ड्रायव्हर म्हणाला, "टीचर, मागच्या रस्त्यानं घेऊ? बाजारात आता सगळे असतील, हसतील."
कॉलेजात असताना पपा याच गाडीने सोडायला यायचे. हसतील म्हणून मी एक गल्ली आधीच उतरायचे. का उतरते ते पपांना ठाऊक होतं. कधी विचारलं नाही त्यांनी. तिथेच गाडी थांबवायचे, रोज, न सांगता.
म्हटलं, बाजारातूनच घे. आणि हळू चालव.