चार खोक्यांच्या मधोमध

देऊळघाट, जि. बुलढाणा
८ डिसेंबर १९७४

प्रिय इंद्रभान,
सप्रेम जयभीम.

तुझी चारही खोकी आणि ते रेकॉर्ड लावायचं यंत्र धडपणे पोचलं, हे आधी सांगून टाकते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. मुंबईहून मलकापूर स्टेशनापर्यंत रेल्वेनं आणि तिथून सरकीच्या पोत्यांवर बसून ट्रकनं, असा त्यांचा थाटाचा प्रवास झाला. एकाचा कोपरा चेपलाय. गावात मात्र बातमी अशी पसरली, की कलाबाईच्या पोरानं विलायतेहून शिवणाची चार मशिनं पाठवली. गोजरबाई तर झंपराचं कापड घेऊनच आली. गाणी वाजवायची खोकी आहेत म्हटल्यावर बिचारीचा चेहरा उतरला. तुझ्याबद्दल गावाचं मत आधीच फारसं बरं नाही, त्यात ही भर.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. आपली ती निळी रेकॉर्ड! औरंगाबादला कॉलेजात असताना जुन्या बाजारातून तू ती आणलीस, तेव्हा कव्हरावरच्या त्या लांब केसांच्या चौघांना बघून आईनं विचारलं होतं, "ह्या बाया कोनत्या गावच्या?" झाकणातच भोंगा असलेलं ते लहानसं यंत्र आपण चुलीपासून लांब, पाण्याच्या माठाशेजारी ठेवायचो आणि दोघं कान लावून बसायचो. इंग्रजी तुला अर्धं कळायचं, मला त्याहून कमी. पण तंतुवाद्य कुठं ढोलाला वाट करून देतं, आवाज कुठं थकतो, ते मी तुला बोटानं दाखवायची. दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात मागे कुणीतरी हलकंच हसतं, ते आधी मला सापडलं होतं. तू आठवडाभर माझ्याशी भांडलास, की तो रेकॉर्डवरचा ओरखडा आहे म्हणून. शेवटी कबूल केलंस. इतका सुखाचा काळ होता तो, की तेव्हा तो सुखाचा आहे हे आपल्याला कळलंसुद्धा नाही.

आणि आता त्याच रेकॉर्डच्या मूळ फिती लंडनच्या तुझ्या स्टुडिओत आल्या, एकेक वाद्य सुटं करून पुन्हा नव्यानं जोडलं, म्हणजे आवाज ऐकणाऱ्याच्या चारी बाजूंनी येईल, आणि त्या जोडणीला तुझा हात लागला. मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू! पण तू लिहितोस, तिकडे ऐकणाऱ्यांत दोन तट पडलेत. काही डोक्यावर घेतात, काही वर्तमानपत्राला पत्रं लिहून शिव्या देतात. एका गृहस्थानं लिहिलं, इतकी वर्षं मी या मंडळींच्या समोर बसून ऐकत होतो, आता मला उचलून त्यांच्या पायात बसवलंय. आता हेच काम तुला कायमचं देऊ करतायत आणि तुझं मन डळमळलंय. पुढचं तुझं वाक्य मला पाठ झालंय : "ताई, तुझा कान तो माझा कान. तू म्हणालीस बिघडवलंय, तर मी हे काम सोडून देतो." अरे, एवढं ओझं कुणी बहिणीच्या कानावर टाकतं का?

असो. तू सांगितल्याप्रमाणे चार जणांना बोलावून ऐकवलं. गेल्या रविवारी सकाळी, वीज असताना. माझ्या शाळेतल्या सिंधूताई आल्या होत्या, त्यांनी तुझ्या कागदावरचं चित्र बघून तारा जोडल्या आणि ज्यानं त्यानं जे म्हटलं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मीच त्यांना तशी विनंती केली होती.

तुझ्या चित्रात चार कोपऱ्यांत चार खोकी आणि बरोबर मधोमध एक फुली. ऐकणाऱ्यानं तिथं बसायचं. तू लंडनला जाऊन फार हुशार झालास, पण आपल्या घरी माणसं कशी बसतात ते विसरलास. सतरंजी अंथरली तशी जो तो भिंतीला टेकून बसला, आणि ज्याच्या वाट्याला जे खोकं आलं तेवढंच त्यानं ऐकलं. शेजारचे गिरणीवाले शंकरराव पुढच्या डाव्या खोक्याला चिकटून. त्यांचं मत : "एकच जन तार खाजवून राह्यला, बाकीचे जेवाले गेले काय?" एक बाजू संपायच्या आत दळणाची गर्दी झाली म्हणून ते उठून गेलेसुद्धा. गोजरबाई मागच्या उजव्या खोक्यापाशी. ती सारखी मान वळवून बघत होती आणि शेवटी चिडलीच : "मांगून कोन हासते वो? मले हासून राह्यले का?" म्हणजे तू लिहिलं होतंस तसं ते हसणं खरंच मागून येतं. ताईसाठी मुद्दाम उजळून मागे ठेवलंय, असं तू लिहिलं होतंस. ते नीट उतरलंय रे. गोजरबाईचा राग हीच त्याची पावती समज.

पंजाबराव पाटीलही आले. आले म्हणजे उंबऱ्याबाहेर उभे राहिले. आत या म्हटलं तर इथंच बरं वाटते म्हणाले, पाणी पुढे केलं तर तहान नाही म्हणाले. तुला काय नवीन सांगायचं. भजनात मृदंग वाजवणारा माणूस, दारातून त्यांना फक्त ढोल ऐकू आला. तेवढ्यावर त्यांनी निकाल दिला : "वाजोनारा पक्का हाये. पन चौघं चार कोपऱ्यात काऊन बसले? भांडन झालं असन त्यायचं." गाणं मनापासून आवडलं ते एकट्या सिंधूताईंना. त्या एका जागी बसल्याच नाहीत, खोलीभर फिरत राहिल्या. त्यांनी लिहिलंय, की या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेलं की तेच गाणं नवं वाटतं, आणि जुन्या रेकॉर्डमध्ये ही सगळी माणसं दाटीवाटीनं कशी मावली असतील याचं नवल वाटतं. हे मत तू तिथल्या वर्तमानपत्राला खुशाल पाठव.

फुलीवर मात्र कुणी बसेना. शेवटी मी बसले. तुझा हुकूमच होता ना, ताईनं मधेच बसायचं. तर आई जागची उठली. "मधात काऊन बसते वो? मधात मानूस नेयाच्या वक्ती ठेवतेत." बाबांना तिथंच ठेवलं होतं, तुला आठवत असेल. मी हसून तिला गप्प केलं, पण ती काही खाली बसली नाही, पदर तोंडाला लावून दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मास्तरीण बाई काय म्हणतात, त्यावर सगळ्यांचं ठरायचं होतं. मी मान हलवली की गोजरबाईही मान हलवायची. मी डोळे मिटून घेतले. सतरंजीखालची जमीन थरथरत होती, ठोका तळपायांना लागत होता, आणि त्या ठोक्यावर मी मान डोलवत राहिले. किती बरं वाटलं, काय सांगू. वाटलं, जमतंय आपल्याला.

खांद्यावर हात पडला म्हणून डोळे उघडले. आई होती. बाकी सगळे माझ्याकडे टक लावून बघत होते, कुणी हलत नव्हतं. यंत्रावर बघते तर रेकॉर्ड थांबलेली. बाजू कधीच संपली होती आणि सिंधूताईंनी सुई उचलून ठेवली होती. मी डोलत होते ती भिंतीपलीकडच्या शंकररावांच्या गिरणीवर.

आई काही बोलली नाही. म्हणजे बोलली असेल, तोंड पदरात होतं म्हणून मला कळलं नाही. तिनं माझं डोकं पोटाशी धरलं आणि मग मी रडले, इंद्रभान, लोकांसमोर रडले. पंजाबराव दारातून निघून गेले. गोजरबाई तेवढी जवळ येऊन बसली, खोलीच्या मधोमध, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला वाटलं, मला तुझी आठवण आली. तेही खोटं नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात मला ताप येत होता, एवढंच तुला कळवलं होतं. ताप नव्हता, क्षय होता. रोज एस.टी.नं बुलढाण्याला जाऊन सुया टोचून घेत होते. आई म्हणाली, पोरगं एवढ्या लांब आहे, त्याला कळवून करील काय, जेवण जाणार नाही त्याला. म्हणून नाही कळवलं. छाती आता स्वच्छ आहे, फोटोत डाग नाही, वजनही भरलंय. पण त्या सुयांनी कान नेले. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, की कुणाकुणाचे जातात, पण औषध सोडलं तर जीव जाईल. त्यांच्यावर राग धरू नकोस, मी पण धरत नाही, रोज थोडा थोडा सोडते. आधी विहारातली वंदना लांबून आल्यासारखी वाटायला लागली. मग शाळेची घंटा. पाढे म्हणताना मुलांची तोंडं नुसती हलताना दिसली, त्या दिवशी मी फळ्याकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिले. डाव्या कानात आता काही नाही. उजव्यात दिवसरात्र एक घरघर असते, तीच काय ती सोबत. मुलांना मी उत्तरं पाटीवर लिहायला लावते, तर गुरुजी लोक समजतात बाईंनी नवी पद्धत काढली. खरं काय ते एकट्या सिंधूताईंना माहीत होतं. आईला वाटायचं, मला शिक्षिका झाल्याचा ताठा आलाय म्हणून हाकेला ओ देत नाही. आता तिला कळलंय, आणि ती माझ्याशी बोलायचीच थांबलीय, नुसती बघत राहते. त्याचंच जास्त लागतं मला.

खरं सांगू, काल मी तुला दुसरंच पत्र लिहिलं होतं. सिंधूताईंच्या कागदावरून चार वाक्यं उचलली होती, ते मागचं हसणं, तो ढोल, सगळं माझ्याच कानांनी ऐकल्यासारखं रंगवलं होतं, आणि शाबासकी दिली होती. वाचून तू किती खूश झाला असतास! मग सकाळी ते चुलीत घातलं. तू माझ्या एका शब्दावर नोकरी ठेवणार किंवा सोडणार, आणि तो शब्द गिरणीवर डोलून दिलेला असावा, हे मला सहन होईना. म्हणून हे पत्र. माझ्या कानावर काही ठरवू नकोस, बाबा. तुला स्वतःला काय ऐकू येतं ते बघ. शिकवायचं तेवढं माझं तुला शिकवून झालंय. तरीही माझं मत हवंच असेल, तर माझं मत जुन्या रेकॉर्डच्या बाजूनं आहे, आणि ते मोजू नकोस, कारण नवी मी ऐकलेली नाही आणि ऐकणार नाही. यापुढे मला पत्र लांब लिही. आवाज म्हणून तुझं मला आता तेवढंच मिळणार आहे. आणि ही बातमी कळल्यापासून इथली माणसं माझ्याशी ओरडून बोलतात, तशी तू मोठ्ठी अक्षरं काढू नकोस. डोळे माझे शाबूत आहेत.

तुझीच,
बेबीताई