भिंतीबाहेरचा नळ

४ एप्रिल, अकोला
पुण्याच्या ऑफिसची दोन पोरं पाण्याचे मीटर बसवून गेली. प्रत्येक मजल्याला वेगळा. आकडे सरळ पुण्याला, व्हॉल्व्हही तिथूनच बंद होणारे. कंपनीला मी सांभाळतो त्या संकुलासाठी हरित इमारतीचं प्रमाणपत्र पाहिजे. पोरांजवळचा पाइपलाइनचा नकाशा बिल्डरचा, निम्मा चूक. मी माझा काढून दिला. आयटीआय नाही, काही नाही, पण इथला एकेक व्हॉल्व्ह हाताखालून गेला आहे. एक जण म्हणाला, "सर, हे इंजिनिअरचं काम आहे." बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

९ एप्रिल
मोबाइलवर लाल इशारा. पहाटे ५.४० ते ६.२०, तळमजला, गळती. कसली गळती? कंपाउंडच्या भिंतीबाहेरचा नळ तो. गादीवाले हनीफभाई रोज त्यावर पाणपोईचे दोन रांजण भरतात. संकुलाच्या मोठ्या मालकांनी तोंडी सांगून नळ काढून दिला होता, मालक गेले, कागद कुठेच नाही. पुण्याच्या ऑफिसात हे आकडे बघणाऱ्या मॅडमना फोनवर सगळं सांगितलं. "नोट केलंय."

१२ एप्रिल
नोट केलं म्हणजे काय ते कळलं. पुण्यात बसून नळाचा व्हॉल्व्ह बंद. इथे हाताने उघडत नाही. चव्वेचाळीसचं ऊन. तेल्हाऱ्याहून बाजाराला आलेली एक बाई रांजणात वाकून पाहून गेली.
हनीफभाई दारात. "सायेब, नळ सोडा ना."
म्हटलं, माझ्या हातात नाही.
"मंग तुमी कायचे मॅनेजर?"
इतकी वर्षं भाऊ म्हणत होते.

१५ एप्रिल, अमरावती
ट्रेनिंग. विषय जलबचत. एसी इतका की मोर्शीचा सुपरवायझर रुमाल बांधून बसला. टेबलावर सीलबंद बाटल्या, दोन घोट पिऊन सोडलेल्या. पडद्यावर अकोला: 'गळती शून्य'. खाली माझं नाव. टाळ्या. मी उभा राहिलो. राहायला नको होतं.
जेवणाच्या सुट्टीत मॅडमना म्हटलं, ती गळती नाही, पाणपोई आहे.
"मग नकाशात तसं लिहायचं ना. तुम्हीच 'अनधिकृत जोड' लिहिलंय."
फोनवर दाखवलं. माझंच अक्षर. लाल शाईत, खाली पट्टीने रेघ.

१६ एप्रिल, अकोला
कागद नाही म्हणून तसं लिहिलं. नकाशात सुईएवढी चूक नको, हा माझा रुबाब. त्या नळाचं पाणी मीही प्यायलोय. मॅडमवर चिडावं तर त्यांनी वाचलं तेच केलं. वाचणारे तरी बरे, लिहिणारा गाढव.
हनीफभाईंना जाऊन सांगितलं. ते सायकलला कॅन बांधत होते, दोन गल्ल्या पलीकडून पाणी आणतात.
"नळ अनधिकृत लिवला. अन् आमाले काय लिवलं?"
तुमचं नाव नाही म्हटलं.
"तेच तर म्हनतो."

१९ एप्रिल
मॅडमचा मेल. 'गळती दुरुस्त झाली' असा दाखला, खाली माझी सही पाहिजे. मंगळवारी प्रमाणपत्रवाले येणार. सही नाही केली तर अकोल्याचं काम अमरावतीच्या माणसाकडे, हेही गोड भाषेत. नकाशा सुधारून पाठवला: 'पाणपोई, मालकांच्या शब्दावरून, चालू ठेवणे.' उत्तर नाही. घरी बायको म्हणाली, "तुमी कावून उगाच डोकं लावून राहिले?" ताट सरकवून उठलो. तिची काय चूक.

२१ एप्रिल
पहाटे तळमजल्याच्या नळाला रबरी पाइप जोडून भिंतीवरून बाहेर सोडला. ५.५२ ला मोबाइल लाल. कारणाच्या रकान्यात लिहिलं: गळती नाही, मी पाणी भरतोय. खाली पूर्ण नाव.
मंगळवारचं हनीफभाईंना सांगितलं होतं. त्यांनी एकाच रांजणाखाली पाइप धरला. दुसरा घरी नेऊन ठेवलाय.
"दोन कायले भरता? मंगळवारपर्यंत एक बस."
रांजण भरेपर्यंत मी भिंतीवरचा पाइप धरून ठेवला. पुण्याचा फोन दोनदा वाजला. दाखला टेबलावर तसाच, सहीविना.