‘बघू’ म्हणणारी माणसं

प्रिय चिमणे,

निवडणुकीचा निकाल तू तिकडे पाहिलाच असशील. आम्हा अंदाजवाल्यांचं कसं हसं झालं, तेही. आम्ही सांगितलं होतं सरकार टिकेल, दीड टक्क्याने का होईना. सरकार पडलं. टीव्हीवरचा एकजण म्हणाला, यांच्यापेक्षा नाणं उडवलं असतं तर बरं झालं असतं. तुझी आई तेवढ्यात मुद्दाम भांडी वाजवायला लागली, मला ऐकू जाऊ नये म्हणून.

खरं सांगू का, दीड टक्का म्हणजे काहीच नाही गं. आमची मोजणीच तीन टक्के इकडे-तिकडे होते. मी साहेबांना म्हटलं, लढत अटीतटीची आहे, सांगता येत नाही असंच छापा. ते म्हणाले, सांगता येत नाही हे सांगायला लोक आपल्याकडे कशाला येतील? मग माझाही नाइलाज झाला. इतकी वर्षं या धंद्यात काढली, पण या वेळी अगदी थकून गेलो बघ.

चूक कुठे झाली ते मात्र शोधून काढलं. आमचा प्रश्न साधा होता: याच सरकारला पुन्हा मत देणार का? हो म्हणणारे आणि नाही म्हणणारे जवळपास सारखेच. उरलेले म्हणाले, ‘बघू.’ त्यांना मी कुंपणावरचे धरलं आणि दोन्हीकडे निम्मे निम्मे वाटून टाकले. निकालानंतर त्यातल्या काहींना स्वतः फोन केले. एक निवृत्त मास्तरीणबाई तर माझ्यावरच डाफरल्या. म्हणाल्या, "अहो, प्रश्न विचारणारी तुमची ती मुलगी इतकं गोड बोलत होती, तिला तोंडावर नाही कसं म्हणायचं? म्हणून बघू म्हटलं. एवढंही कळत नाही तुम्हाला?" बहुतेकांचं तसंच निघालं. जन्मभर हीच भाषा बोलतोय आणि तिच्यातला ‘नाही’ मला ऐकू आला नाही.

फोन ठेवला आणि तुझी आठवण आली. खूप आली.

घरी बाकी ठीक म्हणतो, पण ते खरं नाही. आईने तुला सांगायला बंदी केली होती. म्हणते, परक्या मुलखात पोर एकटी आहे, उगाच जिवाला घोर नको. तिच्या हृदयाची झडप नीट चालत नाही. जिना चढताना मधेच थांबते आणि मला दाखवते की पदर नीट करतेय. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन लांबवू नका. ही मात्र हटून बसलीय, चिमणी आली की मगच. रोज विचारते, तुमचा काय अंदाज, येईल का? आणि मी अंदाजवाला, रोज छातीठोकपणे सांगतो, येणार म्हणजे येणार.

कारण दर वेळी मी फोनवर विचारलं, की तू म्हणतेस, "बघू बाबा."

तुला अपराधी वाटावं म्हणून हे लिहीत नाही. तुझी नोकरी, तुझ्या अडचणी मला कळतात. येणार असलीस तर तारीख कळव, मी स्टेशनवर येऊन उभा राहीन. येणार नसलीस तर सरळ ‘नाही’ लिही. मी रागावणार नाही. आईला सांगेन, थोडी रडेल, आणि दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात घेऊन जाईन. पण तुझ्या ‘बघू’पायी ती थांबून राहिलीय पोरी, आणि आता थांबायला वेळ नाही. एवढं एक उत्तर मला स्पष्ट दे.

तुझाच,
अंदाज चुकलेला बाबा