शून्य ताणाचा आकडा

८ जानेवारी २००७, सोमवार

सकाळी दोन तास शिकवलं, मग प्रयोगशाळा. सातवी पट्टी ताणली. सोडली. आकडा परत आला नाही.

रबरात कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या मिसळून या पट्ट्या करतो. ताणली की विजेला होणारा रोध वाढतो, सोडली की पूर्ववत व्हायला हवा. रोधावरून ताण ओळखायचा — एवढीच माझी पीएच.डी. पहिल्या पट्टीचा न ताणलेला आकडा माझ्या बायकोने, जयाने, वहीत लिहिला होता — १४.२. एका रविवारी डबा घेऊन इथे आली होती. "तुमच्यापेक्षा माहं अक्षर बरं हाय!" ऑगस्टमध्ये मलेरियाने ती गेली.

प्रत्येक पट्टी त्याच मापाने करतो. सुरुवात १४.२ च्या आसपास होते. एकदा ताणली की परत तिथे येत नाही.

माझे मार्गदर्शक गुणवंतराव सर पुढच्या शनिवारी, २० तारखेला, नागपूरहून येणार. "स्थिर आकडा दाखवा, नाहीतर विषय सोडा."

१० जानेवारी

आठवी. १६.८. टोपलीत.

मामाजी, म्हणजे जयाचे वडील, दिवाळीपासून माझ्याकडे आहेत. सिंदेवाहीकडे तलावात मासे धरतात. जावई खानावळीत जेवतो हे ऐकून आले. आज डबा घेऊन कॉलेजात आले आणि टोपलीच उपसली!

"जवाईबापू, एवढं चांगलं रबर काऊन फेकून राह्यले?"

"बाद आहे."

"एकडाव वढलं अन् बाद? मंग मले त कवाच फेकाले पाहिजे!"

पत्रू शिपाई तोंड फिरवून हसला.

संध्याकाळी पाहतो तर पट्टी स्वयंपाकघरातल्या जाळीच्या कपाटाला ठोकलेली. दार आपोआप लागतं, मांजर दुधापर्यंत पोचत नाही. त्या कपाटात वर जयाच्या लिंबाच्या लोणच्याची बरणी आहे. ती गेल्यापासून मी ते उघडलेलं नाही. मामाजी दिवसातून तीसदा उघडतात.

१४ जानेवारी

संक्रांत. यंदा आपल्याकडे सण नाही. शेजारच्या कलाबाईंनी तरी वाटीभर तीळ दिले.

१६ जानेवारी

दहावी. १७.१. "तुमचं रबर रुसते का जी?" — मामाजी.

१८ जानेवारी

नळ्यांची बाटली संपली. दाखवायला एकही पट्टी नाही. शेवटी कपाटाची मागितली.

"मांजरीनं दूध पेलं त तुमी जबाबदार!"

प्रयोगशाळेत मीटर लावला. १९.६. ताणली, २६. सोडली, १९.६. पुन्हा. पन्नास वेळा ताणली. १९.६!

स्टुलावर बसून राहिलो. आठवडाभर मामाजींनी ती दोनशेहून जास्त वेळा ताणली होती, आणि मी एकेका ताणात पट्ट्या फेकत होतो.

घरी सांगितलं तर खोकला येईपर्यंत हसले. "एवढं शिकले, अन् हे कोनं सांगतलं नाई? नवा दोर आमी पयले आठ दिवस झाडाले बांधून वढतो. मंगच जाळ्याले लावतो."

मग बिडी पेटवली. धूर सोडत म्हणाले, "पयल्या लंबाईवर तो काई येत नाई जी."

मी पट्टी पुन्हा कपाटाला लावली.

२० जानेवारी

सरांनी आलेख दोनदा पाहिला. खूश! "पट्टी आधी दोनशे वेळा ताणायची, मग वाचायची. हीच पद्धत लिहा." पट्टी मुरली कशी, तेही मी त्यांना सांगितलं. "प्रबंधात कपाट नको!"

मग वही उघडून म्हणाले, "शून्य ताणाचा आकडा आता १९.६. हा १४.२ खोडून टाका."

उद्या खोडतो म्हणालो.

२१ जानेवारी

खोडला नाही.

मामाजी दुपारच्या बसने गावी गेले. जाळी दुरुस्त करायची आहेत. पायरी उतरता उतरता — "कपाट उघडत जा. वाघ नाई बसला त्याच्यात."

२२ जानेवारी

१४.२ च्या खाली १९.६ लिहिलं. माझ्या वाईट अक्षरात. वरचा तसाच ठेवला.

संध्याकाळी भात टाकला. कपाट उघडलं, बरणी उतरवली. लोणचं वाढून घेतलं. मीठ जास्त झालंय. नेहमीसारखं. जेवून ताट घासलं, बरणी पुसून खालच्या फळीवर ठेवली.