गिरणीतला तांबडा दिवा

४ जुलै १९३४, सोलापूर
विजेची बिलं तपासून देतो म्हटलं की लोक हसतात. ईश्वरप्पा हसला नाही. पिठाची गिरणी आहे त्याची. असंच बिल येत राहिलं तर दिवाळीआधी गिरणी विकावी लागेल, म्हणाला. मीटरच चावट आहे म्हणे! बिलं ठेवून घेतली.

५ जुलै
मीटर बरोबर. बेरीज बरोबर. दर चूक! गिरणीच्या मोटारीला मोटारीचा स्वस्त दर हवा. यांनी दिव्याचा लावलाय, तिप्पट! उद्या वीज कंपनीत जाऊन एकेकाला धुतो.

६ जुलै
मीच धुतला गेलो. कारकून म्हणाला, गिरणीत मोटारीच्या तारेवर दिवा जोडलेला आहे. एक जरी दिवा सापडला तरी सगळी वीज दिव्याच्या दराने. नियम दाखवा म्हटलं. दाखवला मेल्यानं. चडफडत घरी आलो.

७ जुलै
दिवा सापडला. सिद्धरामेश्वराच्या तसबिरीपुढे, तांबडा, रात्रंदिवस चालू. ईश्वरप्पाची बायको दाक्षायणीबाई, त्यांनी लावलाय. मुलगा गुरुबसप्पा मुंबईला पळाला तेव्हापासून. तो येईतो विझवायचा नाही. समई लावा म्हटलं. ती वाऱ्यानं विझते, म्हणाल्या. मग वीज जाते तेव्हा हो? "ते कंपनीचं पाप. माझं न्हाय."

९ जुलै
तोड सुचली. घर गिरणीला लागूनच, तिथं दिव्यांचं मीटर वेगळं. घरातून तार आणून दिवा तिच्यावर घ्यायचा. पण तेवढा वेळ विझणार! दुसरा आधी पेटवून ठेवू म्हटलं. तर बाई म्हणाल्या, समईवरून समई लावता येते, ह्याच्यावरून दुसरा कसा लावणार?

११ जुलै
ईश्वरप्पानं मला रस्त्यावर नेलं. "गुरू गेला. मागल्या साली, पटकीनं. कुर्डुवाडीचा रेल्वेतला माणूस सांगून गेला. तिला ठाव न्हाय." दिवा विझवायचा तर सांगावं लागेल. म्हणून विचारत होता, बिलात दुसरी काही चूक निघते का. नाही निघत. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, भर पेठेत.
सोमवारी बाई देवळात जातात, तेव्हा गुपचूप तार बदलायची ठरली.

१३ जुलै
आज दुसऱ्या गिऱ्हाइकाची बिलं. लक्ष लागलं नाही.

१६ जुलै, सोमवार
ईश्वरप्पा शिडी आणायला गेलेला. तारवाल्यानं दिवा काढला आणि बाई दारात! फुलं विसरली म्हणून परत आल्या होत्या. त्यांनी तसबिरीकडे पाहिलं. "घाबरू नका," म्हणाल्या. "तो कुर्डुवाडीचा माणूस आधी घरीच आला हुता. मीच त्याला गिरणीवर धाडलं. ह्यांनी घरी येऊन काय सांगितलं न्हाय, मग मी बी न्हाय बोलले. आता दिवा ह्यांच्यासाठी हाय, मला ठाव न्हाय असंच त्यांना वाटू दे. ते यायच्या आत लावा."
फुलं घेऊन गेल्या. आम्ही दिवा लावला, घरच्या तारेवर.