दोन बोटं कमी झालेला सयाजी

वारूळवाडी,
मंगळवार, ३ डिसेंबर १९५७

ती. सौ. गोजराक्कास,

धाकट्या अंजनाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समज. कंबर धरली आहे. खरोखर घातला तर उठवायला पेठहून तुलाच यावं लागेल.) दाजींचा खोकला कसा आहे? डॉक्टर असून ते स्वतःचं औषध घेत नाहीत हे मी वीस वर्षं पाहते आहे, तेव्हा बरा नसणारच. तुझे गुडघे काय म्हणतात? शेजारणीशी धरलेला अबोला सुटला का? तू दिवाळीत दिलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी तळाला गेली. आम्ही खादाड झालो असं मनात आणू नकोस. त्या लोणच्यानं इथं काय अनर्थ केला तेच सांगायला बसले आहे.

पावसाळ्यात फ्ल्यूनं आमची शाळा पंधरा दिवस बंद ठेवली, आणि आमची भागू कशी फणफणली होती, ते तुला ठाऊक आहे. (अजून जाता-येता माझा हात तिच्या कपाळावर जातो आणि ती तो झटकते.) आता थंडीत तो पुन्हा फिरणार म्हणतात. तर गेल्या गुरुवारी जुन्नरचे महंमद हनीफ, आपले नेहमीचे देवी टोचणारे, सायकलला डबा बांधून शाळेत आले. डब्यात भुसा, भुशात बर्फ आणि बर्फात चार बाटल्या. कुणा धर्मादाय मंडळानं लहान मुलांसाठी फ्ल्यूची लस पाठवली होती. एका बाटलीत दहा मुलं. (मुलं बाटलीत नव्हेत, समजलीस ना.)

आया जमल्या. सगळ्यांच्या पुढे साळुबाई. ही आमच्याकडे दूध घालते, आणि आळीतल्या प्रत्येक भांडणाचा निकालही हीच देते. कडेवर तीन वर्षांचा नातू सयाजी. जावळ काढलं नव्हतं, म्हणून केसांचा हा एवढा बुचडा डोक्याच्या मध्यावर उभा बांधलेला. तिनं बाटली उन्हात धरून पाहिली आणि म्हणाली, "भाऊ, आमचं ताक दुसऱ्या दिशी आंबतं. ही बाटली पार ममईपासनं आली, तरी नासली न्हाई. ती कशानं?"

हनीफभाईंनी खरं ते सांगितलं. बाटलीत सुई पुन्हा पुन्हा जाते, तेव्हा आत जंतू वाढू नयेत म्हणून औषध घालतात, अगदी थेंबाचाही अंश. "औषिदात बी औषिद?" साळुबाई म्हणाली, आणि सगळ्या आयांनी आपापली पोरं एकेक पाऊल मागं ओढली.

तिथं मी गप्प बसायचं होतं. पण समोरच्याला समजलं नाही असं दिसलं की मला राहवत नाही. (मास्तरकीचा रोग. त्यावर लस निघालेली नाही.) मी म्हटलं, "अहो, लोणचं टिकावं म्हणून मीठ घालतो ना, तसंच हे."

अक्का, काय सांगू! एका वाक्यात सगळ्या जणी त्या विषयातल्या जाणत्या झाल्या. मीठ कितीसं? वर तेलाचा थर का नाही? तोंडाला बांधायचा दादरा कुठाय? हनीफभाईंनी सुई उकळत्या पाण्यातून काढली तशी साळुबाई ओरडली, "आरं, वली सुई बरणीत घालतुय व्हय! बुरशी यील की!" बिचारे सुई हवेत धरून पंख्यासारखी हलवत राहिले. तिच्या मनासारखी कोरडी झाली तेव्हा कुठं दहा मुलं टोचून झाली. सयाजी त्यात पहिला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

रविवारी सयाजीचं जावळ झालं. मामाच्या मांडीवर बसून पोरानं सारं गाव डोक्यावर घेतलं. सोमवारी सकाळी साळुबाई माझ्या दारात. एका काखेत तुळतुळीत सयाजी, दुसऱ्या हातात लोणच्यातलं लिंबू. लिंबू माझ्याच बरणीतलं. मागून अर्धी आळी.

"बाई, मिठात पडलं की लिंबू काय व्हतं?"

मी म्हटलं, "मुरतं."

"आन आटतं! टोचायच्या आदल्या दिशी म्या ह्याला दाराशी हुबा करून हळदीचं बोट वढलं व्हतं. आज हुबा केला, तर दोन बोटं कमी! पोरगं मुरलं माजं!"

हनीफभाई उरलेली मुलं टोचायला त्याच वेळी येऊन पोचले. साळुबाईनं त्यांच्या सायकलचा दांडा धरला. "माजी दोन बोटं भरून द्या आन मग जावा." तो भला माणूस तिच्या घरी गेला, सयाजीला दाराशी उभं केलं आणि स्वतःची टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली. टोपी बरोबर हळदीच्या खुणेला टेकली. "आजी, बुचडा मोजला होता तुम्ही. तो काल न्हाव्यानं नेला."

सगळे हसले. साळुबाई तेवढी हसली नाही. "त्ये टोपीनं भरलं, पोरानं न्हाई," म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच, "बाई, येवडा एकच हाय वो."

तेव्हापासून मलाही हसू येत नाही. तीस मुलं राहिली आहेत आणि एकही आई पुढे येत नाही. बाटल्या जुन्नरला बर्फात आहेत. शनिवारी दुपारी हनीफभाई त्या इथं शेवटच्या खेपेला आणतील. मुलं आली नाहीत तर परत पाठवतील. हे सगळं माझ्या एका लोणच्यापायी. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
अंजना

ता. क. दाजींना सांग, त्यांच्या छापील कागदावर शनिवारच्या आत लिहून पाठवा: ते टिकाऊ औषध किती थोडं असतं, आणि त्यानं मुलांची वाढ खुंटत नाही. शिक्का हवा. साळुबाईला वाचता येत नाही, पण शिक्का कळतो.

आणखी एक ता. क. तो शिक्क्याचा कागद साळुबाईसाठी आहे असं तुला वाटलं असेल. गुरुवारी भागू रांगेत नव्हती. तिला मी सकाळीच शिनोलीला आत्याकडे धाडलं होतं. जगाला लोणचं समजावलं, आणि स्वतःची पोर लपवली. ती परत आल्यावर स्वयंपाकघराच्या दाराआड मीही तिच्या उंचीचं हळदीचं बोट ओढून ठेवलं आहे. (वेणी सोडून, अंबाडा न घालता. तेवढी शिकलेली आहे.) तेव्हा कागदावर आधी माझं नाव घालायला सांग.

शेवटचा ता. क. बुधवार. पाकीट चिकटवत होते तोच साळुबाई दूध घालायला आली. भागू परत आलेली पाहिली, दाराआडची खूणही पाहिली, आणि किती वेळ पदराआड हसली. म्हणाली, "शनवारी दोघी संगंच जाऊ, म्हंजी बाकीच्या बी येतील. भागीला म्या मांडीवर घिऊन बसते. तुमी तोंड तिकडं करा." तेव्हा कागद उशिरा आला तरी चालेल. लोणच्याची बरणी मात्र शुक्रवारच्या एस.टी.नं नक्की पाठव. सयाजीशी पडताळून पाहायला म्हणून आळीतली प्रत्येक बाई एकेक लिंबू घेऊन गेली आहे, आणि एकीनंही परत आणलेलं नाही.