खाली दिलेली शिवी

सर्जापूर रोड, बेंगळुरू

प्रिय डोमा,

फोनवर तू मधेच ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. तुला आता अक्षर दिसत नाही, तेव्हा वहिनीच वाचून दाखवतील. वहिनी, पुढे शिव्या येणार आहेत, त्या गाळू नका.

तुझ्या लेकीने वर्ध्याहून सगळं सांगितलं. कंपनीने तुमच्या ओळीसमोर ‘जमीन खचत आहे, क्वार्टर रिकामे करा’ असा पत्रा लावला आणि तू तो उपटून कोंबड्यांच्या खुराड्याला दार केलंस. वा रे शहाण्या! शेजारच्या ओळीतला संडास एका सकाळी जमिनीत गेला, तरी तुझं म्हणणं काय, तर तो आधीपासूनच कलता होता. स्वयंपाकघराच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली, तर तू तिच्यात सिमेंट कोंबलंस, वरून पिवळा रंग फासलास आणि मला फोटो पाठवलास. मेलेल्या म्हशीवर झूल घातल्यासारखं दिसतंय ते. लेक पाया पडून म्हणते की माझ्याकडे चला, आणि तू तिला टेंभुरडोहचा इतिहास ऐकवतोस.

म्हणे टेंभुरडोह आपण वसवलं. कुणी वसवलं रे? रानात कोळसा लागला, कंपनीने खड्डा खणला, आणि घरी खायला नव्हतं म्हणून आपण त्या खड्ड्यात उतरलो. याला वसवणं म्हणायचं तर उंदीरही गावं वसवतात. पण तेव्हाची आपली मिजास बघायची! छत्तीसगडी, तेलुगू, बिहारी, वऱ्हाडी, सगळे एकाच भोंग्यावर उठायचे. बायका त्याच भोंग्यावर भात टाकायच्या. कोळसा फुकटचा, म्हणून गरज नसली तरी शेगडी पेटलेली. गावाकडचे सोयरे आले की आपण त्यांना क्लबातला सिनेमा दाखवायला न्यायचो, जसा काही पडदा आपल्या बापाने टांगला होता. साहेब लोक खुर्चीवर आणि आपण सतरंजीवर, याबद्दल मात्र अवाक्षर नाही. सोयऱ्यांना सांगायचो, सतरंजीवरून चांगलं दिसतं.

मग खालचा कोळसा महाग पडायला लागला. पलीकडे उघडी खाण निघाली, तिथे मशिनी आणि ठेकेदाराची माणसं. आपल्या खाणीचं तोंड बुजवलं त्या दिवशी साहेबाने नारळ फोडला. उघडताना नारळ, बुजवतानाही नारळ, लाज म्हणून नाही. आणि तू? तू तो प्रसाद खाल्लास, वर घरी बांधून नेलास. शाळा गेली, दवाखाना गेला. रिकाम्या क्वार्टरांची दारं-खिडक्या आपल्याच लोकांनी काढून विकल्या, ज्यांच्याबरोबर आपण दुर्गापूजेत नाचलो त्यांनीच. भोंगा भंगारात गेला. उरलास तू आणि तुझ्या कोंबड्या.

मी इथे फार सुखात आहे असंही समजू नकोस. आमच्या सुशांतच्या फ्लॅटमधून बेळ्ळंदूरचं तळं दिसतं, पण दिसायच्या आधी त्याचा वास येतो. लिफ्टमध्ये माणसं शेजाऱ्याकडे पाहत नाहीत, मोबाईलकडे पाहतात. खाणीच्या पिंजऱ्यातून उतरताना आपण निदान तंबाखू तरी विचारायचो. इथे आलो त्या दिवशी खाणीतल्या सवयीने काठी उलटी धरली आणि हॉलचं छत ठोकून पाहिलं. ढप ढप. पोकळ! आता सैल छत दिसलं की आपण काय करायचो? पाडून मोकळं व्हायचो. मी पडद्याचा दांडा काढला आणि पाडलं. पांढरा भुगा, दिवे, वायरी, सगळं सुशांतच्या लॅपटॉपवर. तो त्यावर त्याच्या साहेबाशी बोलत बसला होता. सून सिद्धी किंचाळत आली. खालच्या मजल्यावरचे हयवदनराव जिना चढून धावले. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून याच मुलखात, मराठी बोलतात पण अर्धी कानडी. माझ्या डोक्यावरचा भुगा झटकत म्हणाले, “अण्णा, स्वल्प ऐका. हे खोटं छत. खरं त्याच्या वरती आहे.” खऱ्या छताखाली खोटं छत लावून राहणारी माणसं, डोमा! आणि ती मला हसतात.

तू म्हणशील, तुझ्या मारोतीचा कान गेला. गेला असेल. पण परवा तू वहिनींकडून व्हिडिओ काढून पाठवलास, अंगणात काठी टेकत फिरतोस आणि विचारतोस, दाखव कुठे खचलंय ते. मी तुझ्याकडे पाहिलंच नाही, काठी ऐकली. तुळशीपर्यंत ठणठणीत, आणि न्हाणीपासून पुढे ढप ढप. तिथे खोटं छत नाही रे. तिथे तूच छतावर उभा आहेस, आणि खाली आपण कोळसा काढून सोडलेली पोकळी आहे. तूही ते ऐकलंस, कारण तिथून तू गुपचूप मागे फिरलास.

मला भीती वाटते, डोमा. तुला तो दिवस आठवतो का? खाणीत छताचे टेकू करकरायला लागले, सगळे बाहेर पळाले आणि मी मूर्ख, जेवणाचा नवा डबा आणायला मागे वळलो. तू कॉलर धरलीस, ‘निघ बे’ म्हणून ओरडलास आणि माझ्या सात पिढ्या उद्धरल्यास, माझ्या मेलेल्या आईलाही सोडलं नाहीस. मला असा संताप आला की डबा विसरून तुला मारायला तुझ्यामागे धावलो, आणि माझ्या पाठीमागे छत खाली बसलं. वर आल्यावर तू चहा सांगितलास. खाली दिलेली शिवी वर आणायची नाही, हा आपला रिवाज, साहेबालासुद्धा लागू. आता माझा हात तुझ्या कॉलरपर्यंत पोचत नाही, म्हणून हे लिहिलं. उंदीर म्हणालो, तुझ्या टेंभुरडोहवर थुंकलो, त्याचा राग येऊ दे. चांगला येऊ दे. बल्लारशाहून गाडी सरळ इथे येते. वहिनींना घे, कोंबड्या सोडून दे आणि मला मारायला ये. मी चहा ठेवतो.

तुझाच,
मारोती